दयाळाच्या पेटीत अंडी दिसतात, पिल्लं दिसत नाहीत: चार उन्हाळ्यांत सापडलेली कारणं

मार्च लागला की दयाळ पक्ष्यासाठी लावलेल्या घरट्याच्या पेटीबद्दल हा प्रश्न माझ्यापर्यंत येतोच. कधी पुण्यातल्या तळजाई टेकडीच्या चढावर, कधी भाजीच्या गाडीपाशी. "पेटी लावली, दयाळ आला, मादीनं अंडी घातली, आणि पुढे काहीच नाही. दर वर्षी हेच." विचारणाऱ्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. मांजर. नाहीतर कावळा. एका आजोबांनी तर "आमच्या वास्तूला पाखरू लाभत नाही" म्हणून पेटी काढून माळ्यावर टाकली.

आमच्याही वास्तूला तीन वर्षं लाभत नव्हतं. सहकारनगरातलं जुनं बैठं घर, मागे एक आंबा, कढीपत्ता, जास्वंदीचं कुंपण आणि पाण्याच्या टाकीखाली कायम ओली राहणारी जमीन. त्या ओल्या पट्ट्यासाठीच दयाळ येतो. पालापाचोळा उकरून किडे, सुरवंट, गांडुळं वेचतो. नर काळा-पांढरा, शेपटी उभारून मिरवणारा. मादीत काळ्याच्या जागी राखाडी. उजाडायच्या आत केबलच्या तारेवरून लांबलचक शीळ घालतो तो हाच. झाडाची ढोली, भिंतीतलं भोक, जुना पाइप, असं कुठेही घर करतो, म्हणून लाकडी पेटीही त्याला चालते.

तिन्ही वर्षी पेटी फसली, असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात तिन्ही वेळा वेगळंच घडलं होतं. तुमच्याकडेही "दर वर्षी तेच" होत असेल, तर बहुतेक ते दर वर्षी तेच नसतं. खालचं सगळं दयाळावर बेतलेलं आहे, पण चिमणी आणि साळुंकीच्या पेटीलाही बरंचसं लागू पडेल.

आधी स्टूल टाकून बसा

पेटीचं झाकण उघडायच्या आधी दहा-बारा पावलांवर बसायचं. सकाळी साडेसहा ते साडेसात, हातात चहा. एवढ्यात निम्मं निदान होतं.

दयाळाची मादी रोज एक याप्रमाणे चार-पाच अंडी घालते. उबवते ती एकटीच. नर आसपास शीळ घालत राखण करतो. अंडी फुटायला दोन आठवड्यांच्या आत-बाहेर लागतात आणि पिल्लं पेटीत आणखी साधारण दोन आठवडे राहतात. म्हणजे पहिल्या अंड्यापासून पेटी रिकामी होईपर्यंत जवळजवळ महिना. मी कालनिर्णयावर दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी याही खुणा करते. घरच्यांची त्यावरून थट्टा चालते, पण त्या खुणांनीच पुढे एकदा माझा गाढवपणा उघडा पाडला, ते सांगतेच.

उबवणीच्या दिवसांत मादी बराच वेळ आत असते, मधूनच खायला बाहेर जाते. त्यामुळे "तासभर कोणीच आलं नाही" याचा अर्थ घरटं टाकलं असा होत नाही. ती आतच बसलेली असू शकते. पिल्लं फुटली की नर आणि मादी दोघंही चोचीत अळ्या घेऊन येऊ लागतात. तेव्हा नजर बाहेर जाणाऱ्या चोचीवर ठेवा. आत गेलेला पक्षी परतताना पांढरी, ओलसर गोळी घेऊन निघाला, तर आत पिल्लं आहेत आणि खाऊन-पिऊन ठीक आहेत. ती पिल्लाची विष्ठा असते, पातळ पिशवीत बांधल्यासारखी. आईबाप ती लांब नेऊन टाकतात. ती गोळी दिसली की झाकणाला हात लावायचं काही कारण उरत नाही.

उघडायचंच झालं तर मादी बाहेर असताना, अर्ध्या मिनिटात, तेही दोन-चार दिवसांतून एकदा. अंडी घालण्याच्या आणि उबवणीच्या पहिल्या दिवसांत मुळीच नको. त्या वेळी घाबरलेली मादी घरटं कायमचं सोडू शकते. पिल्लं दहा दिवसांची झाल्यावरही नको, कारण मग ती धड उडता येत नसताना भोकातून उड्या टाकतात. माणसाच्या हाताचा वास लागला की आई पिल्लाला टाकते, हे मात्र खरं नाही. हाताच्या वासापेक्षा आपलं सारखं डोकावणं तिला नडतं.

आणखी एक. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच अंड्यांना इजा करणं, अंडी-घरटी विस्कटणं येतं. "पेटी माझी, भिंत माझी" हे म्हणणं आत अंडी आहेत तोवर चालत नाही.

अंडी आहेत, फुटत नाहीत

हे माझं पहिलं वर्ष. पेटी आम्ही सुताराकडून करून घेतली होती: उरलेल्या प्लायवूडची, वर पत्र्याचं छप्पर, बाहेरून गडद तपकिरी ऑइलपेंट, "म्हणजे पावसानं फुगणार नाही." भोकाखाली बसायला एक छानशी दांडी. लावली स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीवर, कारण ओट्यापाशी उभं राहिलं की ती खिडकीतून दिसायची. ती भिंत पश्चिमेची.

मादीनं चार अंडी घातली. फिकट हिरवट-निळी, त्यावर तपकिरी ठिपके. एप्रिलच्या मध्याला दुपारी चारच्या सुमारास बघितलं, तर ती भोकात तोंड काढून बसलेली, चोच वासलेली, गळा भराभर हलतोय. मला वाटलं, पाणी हवंय. खाली परळ भरून ठेवला आणि मी समाधानानं आत आले.

तीन आठवडे उलटले तरी काही झालं नाही. मादी यायची बंद झाली. त्यानंतरही आठवडाभर थांबून पेटी उघडली. एक अंडं तडकलं होतं आणि आत पिल्लू अर्धवट वाढून सुकलेलं होतं. ही खूण महत्त्वाची. अंडं मुळात फळलेलंच नसेल, तर आत नुसता द्रव असतो. वाढ सुरू होऊन मध्येच थांबली, तर उबवणीत काहीतरी बिघडलेलं असतं.

काय बिघडलं ते कळायला मला पुढचा उन्हाळा यावा लागला. मासे पाळणाऱ्यांच्या दुकानात वायरवाला छोटा थर्मामीटर मिळतो. तो रिकाम्या पेटीत सोडला. दुपारी चारला बाहेर सावलीत ३९ अंश, पेटीत ४६. पक्ष्यांची अंडी साधारण ३७-३८ अंशांना उबतात. ४१ च्या वर बराच वेळ राहिली, तर आतला जीव टिकत नाही. म्हणजे त्या दुपारी मादी अंडी उबवत नव्हती, त्यांच्यासोबत भाजत होती. आणि मी खाली पाणी ठेवून आले होते.

पुण्यात पश्चिमेची भिंत दोन्ही ऋतूंत वाईट. एप्रिल-मेमध्ये उतरतं ऊन थेट तिच्यावर येतं आणि तापलेली भिंत रात्री उशिरापर्यंत निवत नाही. जूनमध्ये पावसाचा मारा येतो तोही पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून. पेटी आधी तव्यावर आणि मग मोरीत. तोंड पूर्वेला किंवा ईशान्येला करा, वर छज्जा नाहीतर पन्हाळ असू दे, आणि पेटी भिंतीला चिकटवू नका. मागे दोन पट्ट्या ठोकून बोटभर फट ठेवा.

नवीन पेटी आंब्याच्या लाकडाची केली, पाऊण इंच जाडीची. आतून काही लावलं नाही. बाहेरूनही रंग नाही, फक्त जवसाचं तेल, तेही डिसेंबरात, म्हणजे वास उडायला वेळ मिळतो. छपराच्या खाली दोन्ही बाजूंना हवेसाठी दोन-दोन भोकं आणि तळाच्या चार कोपऱ्यांत पाणी निथळायला पेन्सिलीएवढी भोकं. सुतार म्हणाला, "ताई, खाली भोकं पाडलीत तर अंडी नाही का पडणार?" नाही पडत, वर काड्यांची गादी असते. या पेटीत त्याच थर्मामीटरनं, बाहेर ३९ असताना, कधी ३८ च्या वर आकडा दाखवला नाही.

आता तुमची पेटी चुकीच्या जागी आहे आणि आत अंडी आहेत, तर? हलवू नका. दोन हात सरकवली तरी मादी जुन्याच जागी येऊन घिरट्या घालते. जागेवरच सावली करा: छपराच्या वर इंचभर फट ठेवून बांबूच्या चटईचा तुकडा बांधा किंवा पश्चिमेकडून हिरवी शेडनेट ताणा. भोकासमोरचा रस्ता मोकळा हवा. सगळं एकदम करू नका. एका सकाळी एक टोक बांधा, मादी आत-बाहेर करते का पाहा, मग दुसरं. ओलं गोणपाट टाकायचा सल्ला बरेच देतात. मला तो आवडत नाही. दुपारी वाळतं, वाऱ्यानं फडफडतं आणि पाखरू बिचकतं.

दांडीचं राहिलं. ती काढून टाका. ढोलीत राहणाऱ्या पक्ष्याला तिची गरज नसते. तिचा उपयोग होतो कावळ्याला, तिथे बसून पिल्लाची वाट पाहायला.

पिल्लं फुटली आणि दोन-तीन दिवसांत गेली

दुसरं वर्ष. पेटी पूर्वेला आणि सावलीत. चारही अंडी फुटली. गुलाबी, डोळे मिटलेले, अंगावर नावापुरती लव. तिसऱ्या दिवशी सकाळी मादी पेटीपर्यंत येते, आत डोकावते आणि तशीच मागे फिरते, असं चार-पाच वेळा दिसलं. चोचीतली अळी चोचीतच. म्हणून उघडून पाहिलं. पिल्लांवर लाल मुंग्यांचा थर होता. त्याहून जास्त वर्णन करत नाही.

मुंग्या पेटीसाठी आल्या नव्हत्या. पेटीच्या बाजूला टेकलेल्या जास्वंदीच्या फांदीवर पिठ्या ढेकूण झाले होते. ते पांढरे कापसासारखे किडे गोड चिकटा सोडतात आणि त्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात. त्या फांदीवर मुंग्यांची आधीच येजा होती. फांदीचं एक पान पेटीला टेकलं आणि त्या रांगेला पुढचा रस्ता मिळाला. एका पानाची गोष्ट, पण चार पिल्लं गेली.

यावर उपाय आजीच्या स्वयंपाकघरातला. तिच्या जाळीच्या कपाटाच्या चार पायांखाली पाण्याच्या चार वाट्या असायच्या आणि दुधाचं पातेलं शिंकाळ्यावर. मुंगीला रस्ता एकच ठेवायचा आणि तो तोडायचा. मी आता पेटी भिंतीवर ठोकत नाही. छज्जाच्या हुकाला जाड तारेनं टांगते आणि खालून भिंतीकडे दुसरी तार ताणून ती हलू देत नाही. दोन्ही तारांवर एकेक करवंटी उपडी ओवलेली आहे, छत्रीसारखी. करवंटीच्या आतल्या बाजूला तारेवर बोटभर ग्रीस. वरून करवंटी असल्यामुळे पावसानं ग्रीस धुऊन जात नाही, धूळ कमी बसते आणि पाखराचं पीस त्याला लागत नाही. उघड्यावर ग्रीस फासू नका, पिसांना लागलं की निघत नाही. दर पंधरा दिवसांनी बघून पुन्हा लावायचं, एवढंच.

मुंग्यांचा खडू, पावडर, फवारा यांतलं काहीही पेटीवर किंवा पेटीत नको. डांबरगोळ्या, फिनाईल तर नकोच. आणि पेटीपासून हातभर अंतरात एकही पान येऊ देऊ नका. मी शनिवारी सकाळी कात्री घेऊन फेरी मारते.

पेटी एकाएकी रिकामी

आता तो गाढवपणा.

तिसऱ्या वर्षी सगळं सुरळीत चाललं होतं. पांढऱ्या गोळ्या बाहेर जात होत्या, आतून चिवचिव ऐकू येत होती. मग एक दिवस दुपारी गावाहून परत आले, तर शांतता. नर-मादी दोघंही नाहीत. पेटीत काही नाही. आणि कुंपणावर शेजारच्यांचा लठ्ठ बोका, मिशा चाटत. पुरावा म्हणून मला तेवढ्या मिशा पुरल्या. शेजारच्या काकूंकडे जाऊन मी जे बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. सहा महिने आम्ही फाटकाशी एकमेकींना टाळत होतो.

नोव्हेंबरात पेटी धुवायला काढली. घरट्याची काड्या-मुळ्यांची वाटी राहिली नव्हती; ती तुडवून सपाट गादी झाली होती. कडेनं वाळलेली पांढरी विष्ठा. गादी उचलली आणि तळाला मूठभर राखाडी-पांढरा कोंडा, डोक्यातला कोंडा असतो ना, अगदी तसा. पिल्लाची पिसं फुटताना मेणचट नळीत गुंडाळलेली येतात. पीस उलगडायला लागलं की नळीचा असा भुगा पडतो. एवढा भुगा साठला, याचा अर्थ पिसं पूर्ण उलगडेपर्यंत पिल्लं आतच होती. कालनिर्णय काढून पाहिला: अंडी फुटल्यापासून तो तेरावा-चौदावा दिवस होता. पिल्लं उडाली होती. बोका मिशा चाटत होता तो बहुधा आमच्याच ओट्यावरच्या दुधामुळे.

फराळाचा डबा घेऊन मी काकूंकडे गेले. त्यांनी चकल्या ठेवून घेतल्या, पण "आमचा गोट्या तसा नाहीच मुळी" हे मला चार वेळा ऐकवलं.

तेव्हा रिकामी पेटी दिसली की तारीख मोजा आणि तळ तपासा. सपाट गादी, कोंडा, वाळलेली विष्ठा: काम फत्ते. घरटं जसंच्या तसं गोल, आत ना टरफल ना पीस, आणि दिवस अजून भरले नव्हते: बहुधा साप. तळजाईच्या या बाजूला धामण, तस्कर दिसतातच. दोघेही उत्तम चढतात आणि अंडी-पिल्लं सबंध गिळतात, म्हणून काही मागे उरत नाही. घरट्याच्या काड्या भोकातून बाहेर ओढलेल्या आणि खाली पिसं: मांजर. टरफलांचे तुकडे आतच आणि भोकाच्या कडा कुरतडलेल्या: उंदीर किंवा खार.

मांजराचा पंजा आत पोचतो, कारण पेटी उथळ असते. भोकाच्या खालच्या कडेपासून तळापर्यंत निदान पाच-सहा इंच हवेत. आणि पेटी करताना ते असले, तरी दोन वर्षांची घरटी एकावर एक साचली की अंतर निम्म्यावर येतं. पेटी दर वर्षी रिकामी करायची ती यासाठी, आणि जुन्या काड्यांत राहणाऱ्या बारीक लाल पिसवांसाठी. उकळतं पाणी ओता, ब्रशनं घासा, उन्हात दोन दिवस वाळवा. साबण नको, औषध नको.

दिवाळीची साफसफाई घरात चाललेली असतेच, त्यात हीही उरकते. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. माझ्याकडे तो पेटी धुण्याचा सप्ताह आहे. पेटी तेव्हाच परत टांगायची. २० मार्चला चिमणी दिन येतो, त्या दिवशी कुठेतरी कार्यक्रमात पेटी मिळते आणि आपण उत्साहानं लावतो; पण तोवर दयाळाच्या जोडीनं जागा हेरून झालेली असते. नवी वस्तू सवयीची व्हायलाही त्यांना काही आठवडे लागतात. अशा ठिकाणी वाटल्या जाणाऱ्या पुठ्ठ्याच्या पेट्या तर वळवाच्या एका सरीत पापडासारख्या मऊ पडतात. घेऊ नका, दिल्या तर वहीपेन्सिली ठेवायला वापरा.

भलताच भाडेकरू

साळुंकी आली आणि दयाळाला हुसकावलं, ही तक्रार पुष्कळ. दोष भोकाचा. सुतार अंदाजानं अडीच इंच पाडतात, "मोठं बरं." दयाळाला पावणेदोन इंच पुरतात आणि त्यात साळुंकी बहुधा अडते. चिमणीला सव्वा इंच बास. भोक मोठं झालं असेल, तर योग्य मापाचं भोक पाडलेली पत्र्याची चकती वरून ठोका, कडा कानशीनं घासून घ्या. त्याच चकतीमुळे खार आणि उंदीर कुरतडायचेही थांबतात. पण साळुंकीनं आत निळी अंडी घातली असतील, तर या वर्षी तिचं घर. तिलाही तोच कायदा.

खार हा जास्त चिवट प्रकार. दयाळाच्या भोकातून ती आरामात जाते, त्यामुळे भोक लहान करून उपयोग नाही. चौथ्या वर्षी, जानेवारीत, आमच्या दारातलं काथ्याचं पायपुसणं एका कोपऱ्यातून झिजत चाललं होतं आणि आम्ही चपलांना दोष देत होतो. पेटी उघडली तर आत तोच काथ्या, पोछ्याचे धागे आणि माझ्या लोकरीचा निळा धागा, गच्च ठासून. पिल्लं नव्हती म्हणून मी तो काढला. चार दिवसांत परत भरला. शेवटी पेटी आंब्याच्या फांद्यांपासून सात-आठ फूट दूर नेली, तेव्हा थांबली. खार उडी मारते, पण एवढी नाही. आणि जुनी, पश्चिमेची पेटी उतरवून आंब्याच्या दाट सावलीत बांधली, ती आता खारीची. पायपुसणंही तिलाच दिलं.

किडे कुठे गेले?

कधी कधी अंडी ठीक, पेटी ठीक, मुंग्या नाहीत, तरी पिल्लं एकेक करून दगावतात. तेव्हा आसपास औषध फवारलंय का, ते विचारा. शेजारच्या सोसायटीत कुंडीतल्या झाडांवर मे महिन्यात फवारणी झाली आणि त्यानंतर चार दिवस आमच्या दयाळाच्या खेपा निम्म्यावर आल्या, हे मी मोजलंय. पिल्लांना अळ्या-किडेच लागतात. ते नसले की दुसरं काही भागवत नाही. शेव, पाव, दूधभात मांडून ठेवला तर फार तर कावळे गोळा होतात, आणि ते तुम्हाला पेटीजवळ नको आहेत. सोसायटीच्या सेक्रेटरींना गाठून फवारणी जुलैनंतर ढकला. बहुतेक ऐकतात, पैसे वाचतात म्हणून का होईना. झाडाखालचा पाचोळा झाडू नका. पाण्यासाठी मातीचा उथळ परळ, दोन बोटं पाणी, रोज बदललेलं.

आणि नर जर खाऊ न आणता गाडीच्या आरशावर चोची मारत बसला असेल, तर त्याला आरशात शत्रू दिसतोय. आमच्याकडचा सकाळचा निम्मा वेळ स्कूटरच्या आरशाशी भांडण्यात घालवायचा. दोन्ही आरशांवर जुने पायमोजे चढवले. तो गोंधळून दोन दिवस सीटवर बसून राहिला आणि मग कामाला लागला. गाडी काढताना मोजे काढायचे विसरू नका. पर्वती पायथ्याच्या सिग्नलला लोक बघतात.

पिल्लू खाली पडलंय

मे-जूनमध्ये सगळ्यात जास्त फोन याचेच. पिल्लाला पिसं आहेत, शेपटी आखूड आहे, टुणटुण उड्या मारतंय, तर ते पडलेलं नाही, बाहेर निघालेलं आहे. पहिले काही दिवस ही पिल्लं नीट उडत नाहीत आणि आईबाप त्यांना जमिनीवर, झुडपातच भरवतात. उचलून घरात आणू नका. रस्त्यावर असेल तर जवळच्या फांदीवर ठेवा, मांजर घरात कोंडा, आणि लांब व्हा. तुम्ही जवळ उभे असाल तोवर आईबाप येत नाहीत. उघडं, डोळे मिटलेलं पिल्लू खाली सापडलं, तर ते मात्र परत पेटीत ठेवायचं. चोचीत पाणी सोडू नका, ते श्वासनळीत जातं. जखमी असेल तर हवेला भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, सुती कापडावर ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

गेल्या जूनमध्ये, पावसाच्या पहिल्या आठवड्यात, असंच एक शेपटीतोकडं पिल्लू सकाळी सकाळी माझ्या स्कूटरच्या सीटवर येऊन बसलं. आरशांवर मोजे होतेच. मला दहा वाजता बँकेत पोचायचं होतं. साडेनऊला नर आला, चोचीत हिरवी अळी, आणि सीटवरच भरवून गेला. मग परत आला. मग मादी. मी फाटकाबाहेर जाऊन रिक्षा बघायला लागले, तर पलीकडून काकू बोक्याला काखेत घट्ट धरून उभ्या. "जा तू," म्हणाल्या, "याला मी दुपारपर्यंत बाहेर सोडत नाही."